गुडघा एक, दर अनेक
कृत्रिम सांध्याची कमाल किंमत सरकारने बांधून दिली, तरी रुग्णालयागणिक बिल वेगळे का येते? बीड जिल्ह्यातील रुग्णांसाठी खर्चाचा ताळेबंद

बीड : दिवाळीच्या आगेमागे कोयत्याच्या जोड्या फडाकडे निघाल्या, की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांतील अनेक गावांत मागे उरतात ती शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे. या म्हाताऱ्या माणसांपैकी अनेकांनी उमेदीची वीस-पंचवीस वर्षे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सावरीत ट्रकमध्ये चढविण्यात घालविलेली असतात. त्या कष्टांची थकबाकी साठीच्या उंबरठ्यावर गुडघे वसूल करू लागतात. आरंभी तेल, शेकोटी आणि वेदनाशामक गोळ्यांवर निभावते. मग एक दिवस एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर सांगतात, ‘सांधा झिजला आहे, बदलावा लागेल.’

त्या क्षणी घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘किती लागतील?’ आणि येथूनच गोंधळाला सुरुवात होते. बीडमध्ये एक आकडा सांगितला जातो, लातूरमध्ये दुसरा, छत्रपती संभाजीनगरात तिसरा आणि पुण्यातील मोठ्या रुग्णालयात चौथा. एखादा नातेवाईक ‘अमक्याचे तर फुकट झाले’ असेही सांगून जातो. हे सर्व आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. कारण प्रत्येक आकड्यात काय धरले आणि काय वगळले, हे निराळे असते. पुढच्या हंगामाच्या उचलीतून किंवा जमिनीचा तुकडा गहाण ठेवून ही शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या कुटुंबाला हा फरक वेळीच कळणे महत्त्वाचे आहे.

बदलतात म्हणजे काय करतात?

‘गुडघा बदलणे’ या शब्दप्रयोगामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकला जात नाही. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात, तेथील झिजलेला पृष्ठभाग कापून त्यावर धातूचे आवरण बसविले जाते. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक धातूची टोपी, नडगीच्या माथ्यावर एक धातूची बैठक आणि या दोहोंच्या मध्ये उच्च प्रतीच्या प्लास्टिकची चकती, असे हे तीन मुख्य भाग असतात. गरज भासल्यास गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूलाही प्लास्टिकचे बटण बसवितात. बहुतेक वेळा हे भाग हाडाला ‘बोन सिमेंट’ने चिकटविले जातात.

या शस्त्रक्रियेचे आधुनिक रूप १९७०च्या दशकात अमेरिकेत घडले. सामान्य भारतीयांच्या ती खऱ्या अर्थाने कानावर पडली, ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी श्रीमंतांचा समजला जाणारा हा उपचार आज जिल्ह्याच्या ठिकाणीही होतो.

बांधलेली किंमत आणि मोकळे बिल

खर्चाचा हिशेब समजून घ्यायचा, तर १६ ऑगस्ट २०१७ या तारखेपासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सरकारने त्या वेळी जाहीर केलेल्या माहितीनुसार, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोम सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० रुपयांवर आणण्यात आली. टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूचा सांधा २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रुपयांवर आला. गुडघा अधिक वाकतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या ‘हाय फ्लेक्स’ सांध्याची मर्यादा ५६,४९० रुपये, तर आधी बसविलेला सांधा काढून पुन्हा बसवाव्या लागणाऱ्या सांध्याची १,१३,९५० रुपये ठरली. वस्तू व सेवा कर यावर वेगळा. एका वर्षासाठी काढलेल्या या आदेशाला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. शस्त्रक्रियेच्या वेळी लागू असलेली नेमकी मर्यादा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

या आदेशातील एक बारकावा रुग्णांच्या फारसा ध्यानात येत नाही. ५४,७२० रुपये ही चारही भागांची मिळून बेरीज आहे. मांडीकडील भाग २४,०९० रुपये, नडगीकडील बैठक १६,९९० रुपये, मधली चकती ९,५५० रुपये आणि वाटीचे बटण ४,०९० रुपये. अनेक शस्त्रक्रियांत वाटीचे बटण बसविलेच जात नाही. अशा रुग्णाच्या बिलात चारही भागांची रक्कम लागली असेल, तर विचारणा करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. सांध्याची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक बिलावर स्वतंत्रपणे दाखविण्याचे बंधनही रुग्णालयांवर आहे.

तथापि किंमत बांधली गेली ती फक्त सांध्याची. शस्त्रक्रियेचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे मानधन, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, बोन सिमेंट, औषधे व एकदाच वापरावयाचे साहित्य, खोलीचे भाडे, तपासण्या आणि फिजिओथेरपी या बाबी मोकळ्याच राहिल्या. सांधा सगळीकडे जवळपास एकाच किमतीत मिळत असताना बिलांत जी तफावत दिसते, ती याच बाबींमुळे. मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत एका गुडघ्याचा एकूण खर्च साधारणपणे दोन ते चार लाखांच्या घरात जातो. त्यात बांधलेल्या किमतीच्या सांध्याचा वाटा किती, हे वरील आकड्यांवरून सहज ताडता येईल.

‘पॅकेज’ची फोड

दोन रुग्णालयांच्या ‘पॅकेज’ची तुलना करताना होणारी चूक एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका रुग्णालयाने १,२०,००० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने १,८५,०००. वरकरणी पहिले ६५ हजारांनी स्वस्त. परंतु पहिल्याच्या आकड्यात सांधा धरलेला नाही, असे दाखल होताना कळले, तर त्यात ५४,७२० रुपये मिळवावे लागतील. म्हणजे १,७४,७२० रुपये. औषधे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी यांचे आणखी २० हजार धरले, तर रक्कम १,९४,७२० रुपयांवर जाते. दुसऱ्या रुग्णालयाचा आकडा सर्वसमावेशक असेल, तर तेच प्रत्यक्षात स्वस्त ठरते.

खोलीचा दर्जा हा दुसरा कळीचा मुद्दा. पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र खोली घेतली, की केवळ भाडेच नव्हे, तर शल्यचिकित्सकाचे शुल्कही वाढते. शस्त्रक्रिया तीच, शल्यचिकित्सक तोच आणि सांधाही तोच. मात्र खोलीच्या दारावरील पाटीनुसार दर बदलतो. रुग्णालयात मोजके दिवस राहायचे असताना सामान्य कक्षाचा पर्याय विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा यंत्रमानवाच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा. या यंत्रणेमुळे हाडाचा छेद अधिक नेमका घेता येतो, हे खरे. परंतु त्यामुळे सांधा अधिक वर्षे टिकतो किंवा रुग्णाचे चालणे दीर्घकाळ अधिक चांगले राहते, असे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. महागड्या धातूंविषयीही तारतम्य हवे. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला विशेष धातूचा सांधा सुचविला जातो. सरसकट सर्वांनाच त्याची गरज नसते.

जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर

बीडच्या रुग्णापुढे ढोबळमानाने चार दारे आहेत.

पहिले दार शासकीय रुग्णालयाचे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागात स्थापन झालेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. केज, धारूर, परळी या तालुक्यांतील रुग्णांना ते सर्वांत जवळचे. बीडचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते आणि या विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. जिल्ह्याबाहेर लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आणि छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ ही शासकीय रुग्णालये आहेत. येथे पैशांची बचत मोठी. मात्र प्रतीक्षा करण्याची तयारी हवी. गुडघ्याची शस्त्रक्रिया ही हृदयविकारासारखी तातडीची नसते. काही महिने थांबल्याने बहुतेक रुग्णांच्या जिवाला धोका होत नाही. त्यामुळे प्रतीक्षा यादीत नाव नोंदविणे हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो.

दुसरे दार योजनेतील खासगी रुग्णालयाचे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३च्या अखेरीस राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. याच फेररचनेत वृद्धांसाठी खुबा व गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा योजनेत विचार झाला. बीड हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही या योजनेची दारे इतर जिल्ह्यांच्या आधी उघडली होती. जुलै २०२४ पासून योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान वय वंदना कार्ड आणले. त्यास उत्पन्नाची अट नाही.

कागदावर चित्र आश्वासक असले, तरी प्रत्यक्षात एक अडचण येते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने २०१८ मध्ये गुडघा प्रत्यारोपणासाठी सांध्यासह ८० हजार रुपयांचा दर ठरविला होता. खासगी रुग्णालयांचा नेहमीचा दर आणि योजनेचा दर यांतील हे अंतर पाहिले, म्हणजे काही रुग्णालये या शस्त्रक्रियेसाठी उत्सुक का नसतात, हे उमगते. म्हणून रुग्णालय ‘योजनेत आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. ते अस्थिरोग विभागासाठी संलग्न आहे काय आणि ही विशिष्ट शस्त्रक्रिया तेथे योजनेतून होते काय, हे आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे. योजनेतून मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वर पैसे घेता येत नाहीत.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयाचे. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर येथील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत, याची बीडच्या रुग्णांना कित्येकदा कल्पनाच नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये, तर दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सोबत ठेवावी आणि दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांची भेट घ्यावी. बिल हाती पडल्यानंतर केलेली धावपळ सहसा फळाला येत नाही.

चौथे दार पूर्णतः खासगी रुग्णालयाचे. येथे प्रतीक्षा नाही, सोयी अधिक. परंतु तुलना सर्वाधिक आवश्यक आहे ती येथेच. जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. महापालिका नसलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात याबाबतची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते.

आरोग्य विमा असणाऱ्यांनी दोन अटी आधीच तपासाव्यात. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेला बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो. शिवाय मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतल्यास बिलातील अन्य काही रकमांनाही त्या प्रमाणात कात्री लागते. मात्र औषधे, तपासण्या आणि कृत्रिम सांधा यांच्या रकमेत अशी कपात करता येत नाही.

बिलात न दिसणारा खर्च

रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा एक भाग झाला. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर, पुणे त्याहूनही लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तरी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला बहुधा भाड्याच्या मोटारीनेच घरी आणावे लागते. सोबतच्या माणसाचे राहणे-जेवण, टाके काढण्याची फेरी, त्यानंतरच्या तपासणीच्या फेऱ्या, हे सारे जमेस धरले, तर परगावचे ‘स्वस्त’ पॅकेज गावातल्या दरापेक्षा महाग पडू शकते.

घरातही बदल करावे लागतात. नव्या गुडघ्याने मांडी घालून वा उकिडवे बसणे सहसा टाळण्यास सांगितले जाते. म्हणजे पलंग हवा, खुर्ची हवी आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवण्याजोगी कमोड खुर्ची तरी हवीच. वॉकर आणि काठी निराळीच. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतील व्यायाम तर निर्णायक. तो झाला नाही, तर उत्तम बसविलेला सांधाही ताठर राहतो आणि सारा खर्च पाण्यात जातो. गावात फिजिओथेरपिस्ट नसेल, तर किमान व्यायाम नीट शिकून, लिहून घेऊनच घरी परतावे.

आधी गरज, मग दर

दरांची चौकशी करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, तो म्हणजे शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे काय? या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा शासनाने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले होते. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला असा चाप नाही. तेथे रुग्णाची सावधगिरी हाच चाप होय.

एक्स-रेमध्ये झीज दिसली, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. रात्रीची झोप मोडणारे दुखणे, घरातल्या घरात चालणेही अवघड होणे, पाय वाकडा होत जाणे आणि औषधे, वजन घटविणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे उपाय काही महिने नेटाने करूनही फरक न पडणे, ही खरी लक्षणे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी एक्स-रे आणि अहवाल मागून घेण्यात कोणताही अवमान नाही.

वयाचाही विचार हवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. साठी-सत्तरीतील रुग्णासाठी ही आयुष्याची पुंजी आहे. मात्र याच नियतकालिकातील २०१७च्या अभ्यासात, सत्तरीनंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता सुमारे पाच टक्के, तर पन्नाशीच्या पूर्वार्धातील पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत आढळली. दुसऱ्या वेळच्या सांध्याची कमाल किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक असते, हे येथे विसरून चालणार नाही. पन्नाशीतल्या तोडणी कामगाराने नवा गुडघा घेऊन पुन्हा फडावर मोळ्या वाहणे, हे त्या सांध्याला आणि त्याच्या खिशाला दोहोंनाही परवडणारे नाही.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलल्यास खोलीभाडे, भूल आणि विश्रांतीचा काळ यांत बचत होते. तथापि हृदयविकार वा अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना त्यात धोका अधिक. हा निर्णय पैशांवरून न घेता प्रकृतीवरून घ्यावा.

नव्या गुडघ्याने माणूस पुन्हा देवळापर्यंत, बाजारापर्यंत आणि नातवंडांच्या शाळेपर्यंत चालू लागतो; या शस्त्रक्रियेचे मोल निर्विवाद आहे. परंतु म्हातारीचे पाय मोकळे व्हावेत म्हणून तरण्या जोडीचे पाय उचलीत आणखी दोन हंगाम अडकणार असतील, तर तो सौदा महागच म्हणावा लागेल. तो टाळण्यासाठी लागते ती थोडी चौकशी, एक कोरा कागद आणि लेखी अंदाजपत्रक मागण्याचे धैर्य.

दाखल होण्यापूर्वी हे विचारा

• सांगितलेल्या रकमेत कृत्रिम सांधा, कर, औषधे, तपासण्या आणि फिजिओथेरपी धरली आहे काय? अंदाजपत्रक लेखी मिळेल काय?

• सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या धातूचा? वाटीचे बटण बसविणार काय?

• पॅकेज किती दिवसांचे? मुक्काम वाढल्यास दर काय?

• जंतुसंसर्ग झाल्यास वा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास खर्च कोणाचा?

• ही शस्त्रक्रिया येथे जन आरोग्य योजनेतून होते काय? रुग्णालय धर्मादाय आहे काय?

• सामान्य कक्षात राहिल्यास एकूण बिलात किती फरक पडेल?

मदतीसाठी : जन आरोग्य योजना – १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मान भारत – १४५५५, सांध्याच्या जादा किमतीविषयी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण – १८०० १११ २५५. योजनेत न बसणाऱ्या गरजू रुग्णांना मुख्यमंत्री वैद्यकीय साहाय्यता कक्षाकडेही अर्ज करता येतो. तेथील आजारांच्या यादीत गुडघा प्रत्यारोपणाचा समावेश आहे.